इंग्रजी शिकवायलाही जन्म लागतो?

नांदेड-लातूरच्या कॉलेजांत एम.ए. इंग्रजी, नेट झालेली आमची पोरं तासिका तत्त्वावर राबतात. शिकवले तेवढ्याच तासांचे मानधन, सुट्टीत तेही नाही. म्हणून काही जण परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे म्हणतात. जरूर जावे. पण तिथल्या दारावरची पाटी आधी वाचावी.

दक्षिण कोरिया इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी ई-२ व्हिसा देतो, तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयाची चालते. पासपोर्ट मात्र यांपैकीच हवा. २०१० पासूनच्या व्यापार करारामुळे भारतीयांना एक फट मिळाली, तीही सहायक शिक्षक म्हणून.

ही भाषेची अट आहे, असे कुणी म्हणेल. मग दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्केही नाहीत, त्याचे काय? जन्मावरून लायकी ठरवणे आम्हाला नवे नाही. १९१८ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर सहकारी प्राध्यापकांनीच हरकत घेतली.

आणि नुसत्या गोऱ्यांवर खापर फोडून चालणार नाही. मुलाखतीत आपल्या वस्तीतल्या पोरीच्या उच्चाराला हसणारे आपल्याच गावचे असतात.

जाणाऱ्यांनी करारपत्र स्वतः वाचावे, पासपोर्ट एजंटच्या हाती ठेवू नये. आणि इथे राहणाऱ्यांनी तासिका बंद करून कायम पदे भरा, ही मागणी विद्यापीठाच्या दारात लावून धरावी. जयभीम!