सोन्याचे देव, फुकटची लढाई

“डोक्सं कायले लावतं बे? पाह्याले झक्कास हाय ना!” ‘इम्मॉर्टल्स’बद्दल मी कुरकुर केली की अंजनगावच्या पानठेल्यावर हे उत्तर ठरलेलं. ते वाटतं तितकं उडवून लावण्यासारखं नाही. त्यामागे एक पक्का सिद्धांत आहे: पुराणकथा सगळ्यांना ठाऊकच असते, तेव्हा तिच्यावरच्या चित्रपटानं डोळे दिपवले की झालं. हा सिद्धांत मला मान्य नाही. पण ‘नुसती सजावट केली, म्हणून चित्रपट फसला’ असं म्हणणारे दुसऱ्या टोकाचे शहाणेही मला मान्य नाहीत.

आधी या शहाण्यांचं बघू. नोव्हेंबर 2011 मध्ये आलेल्या या चित्रपटाचा दिग्दर्शक तरसेम सिंग जालंधरचा. त्याच्या नजरेला नावं ठेवायला जागा नाही. काराव्हाज्जोच्या चित्रांत असतो तसा काळोखातून फुटणारा उजेड, सोन्यानं मढलेले देव, डोंगराच्या पोटात रांगेनं जखडलेले टायटन, काटेरी तारांचा बैलमुखवटा चढवलेला मिनोटॉर. कुठलीही चौकट काढून भिंतीवर लावावी. पोशाख जपानच्या एइको इशिओका यांचे. आता याच तरसेमनं याच इशिओकांना घेऊन 2006 साली ‘द फॉल’ केला होता. त्यात तर सजावट याहून जास्त, जोधपूरच्या निळ्या घरांपासून देशोदेशीचे वाडे आणि वाळवंटं. तरीही तो चित्रपट काळजाला हात घालतो. कारण त्यात दवाखान्यात पडलेला एक जायबंदी स्टंटमन एका लहान मुलीला गोष्ट सांगतो ती फुकट सांगत नाही. तिच्याकडून त्याला मॉर्फिन चोरून आणवायचं असतं, आणि तेही मरण्यासाठी. गोष्ट जितकी रंगेल तितकी पोरगी फसत जाते. तिथं प्रत्येक रंगाची किंमत कुणीतरी मोजतं. तेव्हा गुन्हा सजावटीचा नाही.

मग ‘इम्मॉर्टल्स’मध्ये बिनसलं काय? अट बिनसली. झ्यूस हुकूम सोडतो की टायटन सुटेपर्यंत देवांनी माणसांच्या भांडणात देवरूपानं पडायचं नाही, पडलात तर मरण. फार चांगली अट. पण पोसायडन समुद्रात झेप घेऊन लाट उसळवतो आणि शत्रूचे सैनिक बुडवतो, त्याला कुणी जाब विचारत नाही. एरीस नायक थिसियसच्या मदतीला उतरतो, त्याला झ्यूस ठार करतो. सोबत उतरलेल्या अथीनाला मात्र सोडून देतो. ज्या एपिरस धनुष्यावर जगाचं भवितव्य टांगलंय ते एक तरस तोंडात धरून पळवतं! (मेळघाटात तरसं आहेत. त्यांच्यावर इतकी मोठी जबाबदारी टाकलेली मी ऐकली नाही.) शेवटी टायटन सुटतातच, देव उतरतातच, आणि दीड तास मिरवलेला नियम कुणाच्याच कामाला येत नाही. अटी किती महाग पडतात हे निदान आमच्या गावाला तरी सांगायला नको. 30 डिसेंबर 1803 ला इंग्रजांबरोबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहावर दौलतराव शिंद्यांकडून सही झाली आणि दिल्ली-आग्रा हातचं गेलं.

आता पानठेल्याचा सिद्धांत. गोष्ट ठाऊक असली की थरार उरत नाही, हे खरं असतं तर कीचकाची गोष्ट केव्हाच विझायला हवी होती. वर चिखलदऱ्यात भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी ती पुन्हा ऐकावीशी वाटते. कीचक भर दरबारात द्रौपदीला लाथ मारतो, बल्लव नावानं लपलेला भीम समोर बसलेला असतो, त्याची नजर बाहेरच्या झाडावर जाते, आणि युधिष्ठिर त्याला सुनावतो की बल्लवा, सरपण हवं असेल तर दुसरीकडं बघ. अज्ञातवास उघडा पडला तर पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून जगातला सगळ्यात बलवान माणूस दात खाऊन गप्प बसतो आणि रात्री नृत्यशाळेच्या अंधारात, हत्याराशिवाय, हिशोब चुकता करतो. भीमाची ताकद आपल्याला दिसते ती त्याला ती वापरता येत नाही तेव्हा. थिसियस झालेल्या हेन्री कॅव्हिलचे दंड आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतात, आणि म्हणून काही वेळानं दिसेनासे होतात.

‘मूळ कथा बदलली’ हा आक्षेप मी घेत नाही. ग्रीकांचा हायपेरियन हा टायटन, इथं तो माणूस आणि खलनायक. मुंबईच्या फ्रीडा पिंटोनं केलेली फीड्रा इथं भविष्यवेत्ती. करा बदल. आम्ही वऱ्हाडी लोकांनी तर विराटाची नगरी राजस्थानाकडून उचलून सातपुड्यात आणली! पण आणताना अज्ञातवास वाटेत सांडला नाही. तरसेमच्या लेखकांनी मात्र जपायचं तेच टाकलं. भूलभुलैयातून बाहेर पडायला आरियाडनीनं दिलेला दोरा चित्रपटात नाही. ते काळं शीडही नाही. जिवंत परतलो तर पांढरं शीड लावीन, असं थिसियस बापाला सांगून जातो, मिनोटॉरला मारून जिंकून येतो, आणि शीड बदलायला विसरतो. काळं शीड पाहून म्हातारा एजियस कड्यावरून समुद्रात उडी टाकतो. एवढ्या एका प्रसंगाला सोनं लागत नाही, थ्रीडीचा चष्मा लागत नाही. तो वऱ्हाडीत पारावर सांगितला तरी बायाबापे हळहळतील.

दृश्यकलेचं कथेशी वैर आपल्याकडे कधी नव्हतंच. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांच्या 1920 च्या ‘सैरंध्री’त कीचकवध इतका अस्सल उतरला की तो कापावा लागला. ‘प्रभात’नं 1933 मध्ये तीच कथा रंगीत करायला घेतली, प्रती जर्मनीत तयार केल्या, रंग काही नीट उतरले नाहीत. फसला तो रंग. कीचक त्या आधीही होता आणि नंतरही राहिला.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद: साडेसात कोटी डॉलरांच्या आसपास खर्च केले, जगभरातून बावीस कोटींवर मिळवले, म्हणजे लोकांना आवडलाच ना? तिकीट खपलं, कबूल. पण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनचं नावही नव्हतं, तरी लोकांना कीचकात तो दिसत होता. हायपेरियनमध्ये मी पुष्कळ शोधलं. मला मिकी रूर्कच दिसला, भलंमोठं शिरस्त्राण घातलेला.