जुना गॅस हवेत नको

मे महिन्यात नागपूर जिल्ह्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा कळमेश्वरातल्या एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना क्षणाची उसंत नसते. एमआयडीसीतली कार्यालये, बाजारातली दुकाने, घरे. सगळीकडून एकच मागणी येते : गॅस भरून द्या. तो भरण्याआधी यंत्रात उरलेला जुना गॅस सरळ हवेत सोडून देण्याची सवय देशभर रुळली आहे. ती आता मोडलीच पाहिजे.

हे गॅस म्हणजे बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवले जाणारे हॅलोजनयुक्त अल्केन. मिथेनच्या रेणूतले चारही हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन व फ्लोरीन बसवले, की 'सीएफसी' तयार होतो. तो जळत नाही, विषारी नाही आणि सहज विघटितही होत नाही. नेमका हाच टिकाऊपणा घातक ठरला. जमिनीलगतच्या हवेत न मोडता तो ओझोनच्या थरापर्यंत पोचतो. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी कार्बन-क्लोरीन बंध तुटतो, आणि सुटलेला क्लोरीनचा अणू ओझोनचा एक ऑक्सिजन हिरावतो. दुसरा ऑक्सिजन अणू भेटताच तो पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू सुमारे एक लाख ओझोन रेणू नष्ट करू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हा धोका 1974 मध्ये दाखवून दिला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट उघड झाली आणि 16 सप्टेंबर 1987 रोजी ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला.

भारत 1992 मध्ये या करारात सामील झाला आणि 2010 पर्यंत त्याने सीएफसीचा सर्वसाधारण वापर बंद केला. जगाने हा करार पाळला म्हणूनच अंटार्क्टिकावरील ओझोन 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मात्र सीएफसीच्या जागी आलेल्या आर-22 मध्येही क्लोरीन आहेच. त्याच्या रेणूत एक हायड्रोजन असल्याने त्यातला बराचसा वायू खालीच विघटित होतो, त्यामुळे ओझोनची हानी कमी होते. पण तापमानवाढीच्या दृष्टीने एक किलो आर-22 म्हणजे सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. पुढच्या पिढीतल्या एचएफसी गॅसांत क्लोरीन नाही, पण तेही पृथ्वी तापवतात. म्हणून याच कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने त्यांचा वापर 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी घटवण्याचे वचन दिले आहे.

नव्या यंत्रांत आर-22 सारखे एचसीएफसी गॅस वापरणे भारताने 2024 अखेर थांबवले. 2030 नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरताच थोडा गॅस मिळेल. तेव्हा आज हवेत सोडलेला प्रत्येक किलो म्हणजे उद्या न मिळणारा किलो, हे कारागिरानेही ध्यानात घ्यावे आणि ग्राहकानेही.

यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारे रिकव्हरी यंत्र. एकट्या कारागिराला ते परवडत नाही. नगर परिषद आणि एमआयडीसीतल्या उद्योजकांनी मिळून ते तालुक्यासाठी घ्यावे, वाजवी भाड्याने द्यावे. दुसरी, प्रशिक्षण. प्रोपेनसारखे नवे गॅस ओझोनला निर्धोक आहेत, पण ज्वलनशील आहेत. शिक्षणाविना त्यांना हात लावणे जिवावर बेतेल. आयटीआयने कामावर असलेल्या कारागिरांसाठी अल्पमुदतीचे वर्ग काढावेत. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे, तिचे मार्गदर्शन मागावे. तिसरी जबाबदारी ग्राहकाची. हवाबंद यंत्रातला गॅस वापराने संपत नाही, तो गळतो. म्हणून गळती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरून घेऊ नये, आणि या कामाचे पैसे देताना घासाघीस करू नये.

सरकारने कागदावर मुदती घातल्या आहेत. त्या पाळल्या जातील की नाही, हे कारागिराच्या हातातल्या अवजारांवर आणि शिक्षणावर ठरणार आहे. येत्या उन्हाळ्याआधी ही अवजारे आणि हे शिक्षण त्याला मिळालेच पाहिजे.