सात वर्षांच्या मुलाला शिकवणी कशाला?

दिवेलागणीच्या सुमारास आपल्या पेठांतून एकदा फेरफटका मारून पाहावा. ज्या वेळी मुलांच्या आरड्याओरड्याने गल्ल्या दणाणून जायला हव्यात, नेमक्या त्याच वेळी त्या ओस पडलेल्या दिसतात. मग मुले गेली कोठे? ती कोणाच्या तरी माडीवर, कोणाच्या तरी पडवीत, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असतात. सकाळी पाठीवर घेतलेले दप्तर अजून उतरलेले नसते. दारावर पाटी असते : ‘इंग्लिश व मॅथ्स, पहिली ते चौथी’. पहिली ते चौथी! ज्यांचे दुधाचे दातदेखील अजून पुरते पडलेले नाहीत, अशा कोवळ्या जिवांना दिवसातून दोनदा शाळेत धाडण्याची ही नवी रूढी आपल्या गावात केव्हा शिरली आणि कोणी शिरू दिली, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

हे लोण केवळ आपल्या गावापुरते नाही, हे आम्ही जाणतो. ‘असर’ या देशव्यापी पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे भरून शिकवणीला जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २६.४ टक्के होते. २०२२ साली ते ३०.५ टक्क्यांवर गेले. त्याच चार वर्षांत पाचवीतील ज्या मुलांना साधा भागाकार येतो त्यांचे प्रमाण मात्र २७.९ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर घसरले. मधल्या काळात महामारीने शाळांना टाळी लागली होती, हे खरे. घसरणीचे सारे खापर आम्ही शिकवणीवर फोडू इच्छित नाही. परंतु शिकवण्या वाढल्या म्हणजे गणित वाढते, असे जे आपण गृहीत धरून चाललो आहोत, त्याला या आकड्यांत तिळमात्र आधार नाही, एवढे तरी कबूल करावेच लागेल.

परवा आम्ही पेठेतील एका ओळखीच्या दुकानात बसलो होतो. दुकानदारांचा तिसरीतला मुलगा गल्ल्यापाशी वही घेऊन बसला होता. शाळा इंग्रजी, आणि शिकवणी रोजची. वडिलांनी सांगितले, “सत्तेचाळीस लिही.” पोराने लिहिले ७४. वडिलांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “फॉर्टी सेव्हन लिही.” पोराने बिनचूक ४७ लिहिले. समोर भाजी घेऊन आलेल्या मावशी कन्नड बोलणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, “नलवत्तेळु.” तेही पोराला समजले, पुन्हा ४७! “बघा की हो साहेब,” दुकानदार आम्हांला म्हणाले, “मराठी आकडेच उलटे. म्हणून तर ट्युशन लावलीय.”

मुलगा मठ्ठ नव्हता, आणि मराठीनेही कोणता गुन्हा केला नव्हता. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण आधी सात उच्चारतो, मग चाळीस. लिहिताना आधी चार लिहितो, मग सात. इंग्रजीत आणि कन्नडात दशक आधी येते. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांनी आणि उलट क्रमाने लहान मुले बिचकतात. विरोधक म्हणत होते की ही भाषेची मोडतोड आहे. त्या वादात कोणती बाजू बरोबर, हा प्रश्न येथे नाही. मुद्दा एवढाच की अडचण खरी आहे, जुनी आहे, आणि ती नेमकी कोठे आहे हे कोणीही सुजाण माणूस पाच मिनिटांत ओळखू शकतो. दोन वर्षे रोज शिकवणी घेणाऱ्या माणसाला ती ओळखता आली नव्हती!

आम्ही दुकानदारांना गल्ल्यातून चार दहाच्या नोटा आणि सात रुपयांची नाणी काढायला लावली. “बाळ, नोटा किती? सुटे किती? आता लिही.” पोर दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लिहिले ४७. मग तीन नोटा आणि आठ नाणी. ‘अडतीस’ही बरोबर आले. यासाठी ना पदवी लागली, ना पाटी, ना महिन्याची फी. गल्ल्यावर रोज शेकडो रुपयांची मोड देणारा बाप आपल्याच पोराला दशक-एकक शिकवू शकत नाही, हे त्याला कोणी पटवून दिले?

हे पटवून दिले माध्यमाने, आणि येथेच आमचे आमच्या वाचकांशी भांडण आहे. आपल्या गावातील पुष्कळ माता सातवी-आठवीपर्यंत मराठीत शिकलेल्या आहेत. फाउंड्रीत घाम गाळणारा बाप मराठी वर्तमानपत्र वाचतो. मूल मराठी शाळेत असते, तर रात्री भाकऱ्या थापता थापता आईने पाढे म्हणून घेतले असते आणि धडा ऐकून घेतला असता. ज्या दिवशी आपण ते पोर इंग्रजी शाळेत नेऊन घातले, त्या दिवशी त्या घरातील दोन शिक्षक आपण आपल्या हाताने बडतर्फ केले. वहीत काय लिहिले आहे ते आईला वाचता येत नाही, शाळेची सूचना बापाला कळत नाही. मग दोघेही हतबल होऊन शिकवणीच्या दारात उभे राहतात. ही शिकवणीची फी नव्हे. माध्यम बदलल्याबद्दल दर महिन्याला भरावा लागणारा हा जिझिया आहे, आणि तो आपणच आपल्यावर बसवून घेतला आहे!

कोणी म्हणेल, हा आमचा हक्क आहे. आहेच! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारचे १९९४ चे भाषाधोरण रद्दबातल ठरवताना स्पष्ट सांगितले की प्राथमिक शाळेचे माध्यम सरकार लादू शकत नाही; मुलाच्या वतीने ते निवडण्याचा अधिकार पालकांचा. तो अधिकार आम्हांलाही शिरोधार्य आहे. सरकारने लादलेली भाषा काय असते हे सीमाभागातील माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु हक्क मिळाला म्हणजे शहाणपण मिळाले असे होत नाही. राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातले गेले, ते भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून. सभेत त्या कलमाचा उद्घोष करायचा, आणि सकाळी आपलेच पोर टाय बांधून इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसवायचे, याला काय म्हणावे? मराठी शाळा ओस पडतात म्हणून सरकारच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी आधी आपल्या घरातील दप्तर उघडून पाहावे.

आता या शिकवणीत शिकवतात तरी काय, तेही पाहू. गणिताचे उदाहरण इंग्रजीत असते. मुलाला वाक्य कळत नाही. मग मास्तर गुरुकिल्ली देतात : ‘ऑलटुगेदर’ आले की बेरीज, ‘लेफ्ट’ आले की वजाबाकी, ‘मोर’ आले की बेरीज. आता हे उदाहरण घ्या. सीतेजवळ पंधरा आंबे आहेत, ते रामूच्या आंब्यांपेक्षा सहाने जास्त आहेत. तर रामूजवळ किती? इंग्रजीतील ‘मोर’ हा शब्द दिसताच पोर पंधरात सहा मिळवते आणि मोठ्या विश्वासाने एकवीस लिहिते. मराठीतूनही काही मुले चुकतील, हे आम्ही नाकारत नाही. पण तेथे चूक गणिताची असेल, आणि ‘अरे, जास्त आंबे कोणाजवळ?’ एवढे विचारताच ती सुधारेल. इंग्रजी शब्दांच्या ठोकताळ्यावर चालणाऱ्या पोराला प्रश्न काय विचारावा, हेच कळत नाही.

तीच गत वजाबाकीची. ‘बॉरो’ करायचे म्हणजे शेजारच्या घरातून उसने घ्यायचे, एवढे पोराला पाठ असते. उसने घेतलेले परत का करायचे नाही, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला, तर त्याला गप्प बसवतात. दहाची एक नोट मोडून दहा सुटे रुपये घ्यायचे, ही बाजारातली रोजची गोष्ट त्याला कोणी दाखवत नाही. ज्या समाजाने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करून पेढ्या चालवल्या, त्या समाजाची नातवंडे अर्ध्याची निमपट विचारली की मास्तरांच्या तोंडाकडे पाहतात. ती सारी कोष्टके पुन्हा घोका, असे आमचे म्हणणे नाही. पण अपूर्णांक हे आपल्या भाषेत केवढे सहज नांदत होते, याची आठवण तरी ठेवा!

आणि इंग्रजी? ती भाषा मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. इंग्रजीच्या द्वेष्ट्यांत आमची गणना कोणी करू नये. पण शिकवणीत इंग्रजी भाषा शिकवतात कोठे? ‘वेन्सडे’चे नऊ वर्ण एका सुरात घोकून घेणे म्हणजे इंग्रजी नव्हे. आपली देवनागरी जसे लिहावे तसे वाचावे, अशा रीतीची. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार निराळा. सी, ए, टी ही नावे कितीही वेळा जोडली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. म्हणून आधी कानांनी ऐकवावे, तोंडाने बोलवावे, अक्षरांचे उच्चार ओळखवावेत, आणि मग वाचनाकडे जावे. ज्याला आपल्या भाषेत अर्थ लावून वाचण्याची गोडी लागली आहे, त्याला ही वाट सोपी जाते. शिकवणीत मात्र उद्याच्या चाचणीची उत्तरे पाठ करून घेतात, कारण फी गुणांवर मिळते, समजुतीवर नव्हे.

याचा अर्थ मागे पडलेल्या मुलाला वेगळी मदत नको, असा नाही. मदत हवीच, प्रश्न आहे ती कशी आणि कोणी करावी याचा. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेने मुंबईत आणि आपल्या मराठी माणसांच्या जुन्या वडोदऱ्यात ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट करायचा, त्याच वस्तीतील शिकलेल्या एखाद्या तरुणीने त्यांना शाळेच्याच वेळेत दोन तास बाजूला घ्यायचे, आणि इयत्तेचे पुस्तक न रेटता मूल जेथे अडले आहे तेथून शिकवायचे. या मुलींचे मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांच्या घरात होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर तपासणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : मुलांची प्रगती निश्चित झाली, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे काम वस्तीतल्या मुलींनी एवढ्या अल्प मोबदल्यात करून दाखवले, ते आपल्या गावाला का जमू नये?

कायद्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळाशिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग संस्थेत घेऊ नये असे सांगितले. पण त्या सूचना पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांसाठी. गल्लीतल्या माडीवरची सतरंजी त्यांच्या कक्षेबाहेरच राहते. तेव्हा जे करायचे ते आपणच करायचे आहे.

आमची सूचना साधी आहे. आपल्या गावात गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळे आहेत, वाचनालये आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. त्यांतील प्रत्येकाने रोज सायंकाळी एक तास विनामूल्य अभ्यासिका चालवावी. एका गटात पंधरांहून अधिक मुले नकोत. गट इयत्तेचे नकोत, येते-न येते यावरून करावेत. अर्धा तास चिंचोके, काड्या आणि नोटा-नाणी घेऊन मराठीतून गणित. अर्धा तास मराठी गोष्टीचे वाचन, आणि आठवड्यातून तीन दिवस त्या जागी इंग्रजी संभाषण. शाळेचा गृहपाठ तेथे अजिबात नको. शिकवायला निवृत्त गुरुजी आहेत, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आहेत. त्यांना सन्मानाने मानधन द्यावे. मंडपाच्या रोषणाईचे चार दिवे कमी केले, तर वर्षाचा खर्च निघेल. आणि ज्यांना तरीही शिकवणी लावायची आहे, त्यांनी मास्तरांना फक्त एक प्रश्न विचारावा : “माझे मूल नेमके कोठे अडले आहे?” ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नये.

वाचकहो, सात वर्षांच्या मुलाची संध्याकाळ ही त्याची स्वतःची मालमत्ता आहे. ती पुन्हा परत मिळत नाही. ती विकत घेणारे दुकानदार पुष्कळ निघतील. विकणारे आपण होतो, हे पुढे त्याला काय तोंडाने सांगणार? येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक गल्लीने आपला निर्णय करावा. सतरंजी असू द्या. पण ती मंडळाच्या सभामंडपात असू द्या, एका तासाची असू द्या, आपल्या भाषेची असू द्या. आणि तास संपला की पोरांना गल्लीत खेळू द्या!