कंपनी आपली, तर हिशेबही आपलाच



१९७२ साली कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली तेव्हा ‘योजना तुमचीच’ असे आपल्याला सांगितले गेले. ती कुणाची होती, ते चुकाऱ्याची वाट पाहताना कळले. आज गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पाट्या लागल्या आहेत आणि ‘कंपनी तुमचीच’ हे वाक्य पुन्हा कानी पडते आहे. फरक एवढाच, की या वेळी ते कायद्याने खरे आहे. म्हणून जोखीमही आपलीच आहे.

२००३ पासून दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. एका शेतकऱ्याचे भाग शंभर असोत की एक, मत एकच. उत्पादक नसलेला पैसेवाला भाग घेऊन मालक होऊ शकत नाही. पण आपला भागही बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने, सक्रिय सभासदालाच, दर्शनी किमतीला तो द्यावा लागतो. तेव्हा हजाराचे दोन हजार होतील असे सांगून कोणी भाग खपवत असेल, तर त्याला पारावरून उठवा. फायदा आहे तो मालाच्या भावात आणि घातलेल्या मालाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बोनसात.

दुसरा गैरसमज कराचा. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून कंपनीही करमुक्त, असे नाही. रुई-सरकी विकून कंपनीला होणारा नफा हा व्यापाराचा नफा. शंभर कोटींच्या आत उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना २०१८ च्या अर्थसंकल्पाने दिलेली आयकर सूट २०२३-२४ या वर्षाबरोबर संपली. आता नफ्याचा साधारण चौथा हिस्सा कर. म्हणून भांडवलाला लागेल तेवढेच मागे ठेवून बाकी खरेदीच्या भावातच सभासदाला द्यावे. त्याच्या हाती ते शेतीचे उत्पन्नच राहते.

कापसाला आणखी एक गाठ आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने पाच टक्के जीएसटी स्वतः भरायचा आहे. आपली कंपनी हीच तो खरेदीदार. दहा लाखांच्या कापसामागे पन्नास हजार रोख आधी उभे करावे लागतात. वजावट मिळते, पण मागाहून.

धंदा झाला नाही तरी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावेच लागते. उशीर झाला तर प्रत्येक कागदाला दिवसाला शंभर रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने तो नऊ क्विंटल कापूस झाला! सलग तीन वर्षे चुकली तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. ‘नुसती सही करा’ म्हणून संचालक केलेल्या भावाबहिणींनी हे नीट ऐकावे.

कंपनी बुडाली तर भागाचे पैसे जातात, सातबाऱ्याला हात लागत नाही. मात्र कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्याला ही ढाल नाही.

२०२० च्या केंद्रीय योजनेतील व्यवस्थापन खर्चाची मदत तीन वर्षांची. विवरण दर वर्षाचे. अनुदानासाठी काढलेली कंपनी अनुदानाबरोबर मरते आणि दंड तेवढा जिवंत राहतो. जिल्हा बैठकीला येताना आपल्या कंपनीचा मागील वर्षाचा ताळेबंद मागून आणा. तो मिळाला नाही, तर बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारा.