प्राणवायूची कोठी आणि आपले दान

समाजाच्या दानाचा ओघ ज्या दिशेने वळतो, त्याच दिशेने गावातील रुग्णालये वाढतात. म्हणून दात्याने केवळ उदार असून भागत नाही. त्याने चिकित्सकही असले पाहिजे. मोठ्या शहरांप्रमाणे आपल्याही रुग्णालयात ‘हायपरबॅरिक ऑक्सिजन’ उपचाराची, म्हणजे उच्च दाबाखाली प्राणवायू देण्याची सोय व्हावी, अशी सूचना अलीकडे व्यापारी बंधूंच्या बैठकींत वारंवार ऐकू येते. आम्ही धान्याचे ठोक व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही. परंतु नमुना पाहिल्यावाचून सौदा करू नये, एवढे शिक्षण बाजाराने आम्हांस दिले आहे, आणि त्याच दृष्टीने हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही व्यवस्था म्हणजे एक बळकट, हवाबंद कोठी होय. रुग्ण तीत निजतो अथवा बसतो. आतील दाब बाहेरच्या हवेच्या दोन ते तीन पट केला जातो व रुग्ण शुद्ध प्राणवायू श्वासावाटे घेतो. एक खेप साधारणतः दीड ते दोन तासांची असते. एरवी प्राणवायू रक्तातील तांबड्या पेशी वाहून नेतात. रक्तद्रवात विरघळलेला भाग अगदी अल्प, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर असतो. दाब वाढला की वायू द्रवात अधिक विरघळतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास हेच प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरवर जाते. हमालांची वाट अरुंद झाली असता पाटाच्या पाण्याबरोबर माल पुढे जावा, तसा हा प्रकार आहे. मात्र पाटच कोरडा पडला असेल, म्हणजे रक्तवाहिनी पूर्ण बुजली असेल, तर प्रथम ती मोकळी करावी लागते. ते काम कोठी करीत नाही.

या उपचाराचे खरे क्षेत्र ठरलेले आहे. खोल पाण्यातून त्वरेने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. त्यावर हाच मुख्य उपाय. आपल्या नौदलाने हे शास्त्र जोपासले असून, मुंबईस कुलाब्याला अश्विनी या नौदल रुग्णालयाच्या परिसरातील संस्थेत डॉक्टरांना त्याचे शिक्षण मिळते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत, विशेषतः ती गंभीर असता, याचा उपयोग करतात. बंद न्हाणीघरातील गॅसगीझर, दारे लावून पेटविलेली शेगडी, यांतून हा वायू घरात शिरतो. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूने सुमारे ८० मिनिटे, तर तिप्पट दाबाच्या कोठीत वीस-पंचवीस मिनिटे. गॅस गँग्रीन, किरणोपचाराने पुढे उद्भवलेल्या जखमा आणि मधुमेही रुग्णांच्या पायाच्या काही निवडक जखमा, हीही क्षेत्रे मान्य आहेत.

यांतील शेवटचे क्षेत्र आपल्या उंबरठ्याआतले आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक, अवेळी जेवण, वर्षानुवर्षे मधुमेह. पायाची संवेदना हळूहळू जाते आणि टोचलेला खिळा चार दिवसांनी दिसतो. बोट, मग पाऊल, मग पाय, असा हा हिशेब बाजारातील किती घरांनी चुकता केला आहे, हे सांगावयास नको. अशा घरांना कोठीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण पुरावा काय सांगतो? स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उत्साहवर्धक होता: वर्षअखेर कोठीतील उपचार घेतलेल्यांपैकी ५२ टक्के रुग्णांची जखम भरली, इतरांत हे प्रमाण २९ टक्के होते. उलट नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाय वाचविण्याच्या बाबतीत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे माल खोटा नाही. पण त्यास सर्वत्र एकच भाव मिळत नाही. कोणत्या रुग्णास द्यावयाचा, हे जाणणारा पारखी हवा.

पारखी नसला की काय होते, याचे दाखले इतिहासात आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९२८ साली एका धनिकाच्या पैशाने ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारण्यात आला. दाबाखालील हवेने मधुमेहापासून कर्करोगापर्यंतचे रुग्ण बरे करण्याचा त्यात संकल्प होता. तेथील वैद्यक परिषदेने पुरावा मागितला, तो मिळाला नाही. १९४२ साली तो गोल मोडीत निघाला. आजही या उपचाराच्या नावाने तारुण्य, बुद्धी आणि तेज विकणारे आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली अशा दाव्यांविरुद्ध जनतेस सावध केले होते.

शिवाय प्राणवायू हा अग्नीचा मित्र आहे. १९९७ साली इटलीतील मिलान येथे कोठीत आग लागून अकरा जीव गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे पाच वर्षांचा बालक कोठीतच जळून मरण पावला. म्हणूनच आत जाताना सुती वस्त्र, केसांस तेल नाही, मोबाइल नाही, काडेपेटी नाही, हे नियम पाळावे लागतात. कानाच्या पडद्यास इजा, क्वचित झटके, मधुमेही माणसाची साखर एकाएकी उतरणे, हे धोके वेगळेच.

काही बंधू म्हणतात, ‘यंत्र आल्याशिवाय तज्ज्ञ येणार कसा? आधी कोठी बसवा, बाकीचे मागाहून जुळेल.’ हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही; कित्येक सोयी अशाच आल्या. परंतु बंद पडलेले क्ष-किरण यंत्र नुसते जागा अडविते. अकुशल हाती चालणारी कोठी जीव घेते. येथे क्रम उलटा करून चालणार नाही.

आमचे मत असे. दानातील पहिला पैसा मधुमेही पायांच्या दवाखान्यास द्यावा. नायलॉनचा एक तंतू तळव्यास टेकवून संवेदना तपासता येते. त्यास खर्च नगण्य. नियमित मलमपट्टी, योग्य पादत्राणे आणि रक्तवाहिन्यांची तपासणी यांनी कितीतरी पाय कोठीपर्यंत जाण्याआधीच वाचतील. ही घडी बसल्यावर कोठी अवश्य घ्यावी. पण शिक्षित डॉक्टर व तंत्रज्ञ, अग्निसुरक्षेची दरवर्षी तपासणी आणि मान्य रोगांपलीकडे उपचार न करण्याची लेखी हमी, या तीन अटींवर.

आणि आणखी एक. पायाच्या जखमेस तीस-चाळीस खेपा लागतात, त्याही आठवड्यातून पाच दिवस. ज्याच्या पाठीवरून आपली पोती वखारीत उतरतात, त्या हमालाने दोन महिने मजुरी बुडवून रोज यावे कसे? कोठीवर दात्याचे नाव कोरण्याइतकीच निकड अशा रुग्णाच्या खेपांचा, येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च भागविणाऱ्या निधीची आहे. त्या निधीवर कोणाचे नाव दिसणार नाही, म्हणून तो मागे पडू नये.

विश्वस्तांनी कोटेशन मागविण्यापूर्वी हे प्रश्न रुग्णालयास लेखी विचारावेत आणि उत्तरे सर्व सभासदांपुढे ठेवावीत. तोवर प्रत्येक मधुमेही बंधूने रात्री दुकान वाढविल्यावर दिव्याच्या उजेडात आपले तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसतील तर घरच्यांस दाखवावेत. रोजमेळ जुळल्याशिवाय आपण झोपत नाही. हाही रोजमेळच समजावा.