विश्लेषण : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आधी मैदान ठरवा, मग डर्ट बाइक

सक्करदरा चौकातून दिघोरीकडे जाणाऱ्या उमरेड रोडवर एखादी जुनी यामाहा आरएक्स १०० गेली, की आजही माना वळतात. या गाडीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिच्या चाहत्यांची पुढची पिढी तयार आहे. अशाच जुन्या गाडीला उंच मडगार्ड, खोल खाचांचे टायर आणि मोकळा सायलेन्सर लावून ‘डर्ट बाइक’ बनवून घ्यायची हौस अनेक मुलांना असते. शोरूममध्ये मिळणारी नवी ऑफ-रोड गाडी मात्र फोर-स्ट्रोक. मग घरोघरी वाद रंगतो. मुलगा म्हणतो पिकअप पाहा, वडील म्हणतात ॲव्हरेज पाहा. दोघांचेही अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर गाडी कुठे चालणार आणि तिची देखभाल कोण करणार, यावर ठरते.

नेमका फरक काय?

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला चार कामे करावी लागतात : पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक कामाला पिस्टनची एक वेगळी धाव लागते. चारही कामे होईपर्यंत क्रँक दोनदा फिरतो. टू-स्ट्रोकमध्ये हीच कामे दोन धावांत उरकतात. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ताकदीचा एक धक्का मिळतो. शिवाय व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असे काही नसते. सिलिंडरच्या भिंतीतली भोके, म्हणजे पोर्ट, पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे इंजिन हलके, सुटे भाग कमी आणि पिकअप तिखट.

आकडे पाहा. १९८५ मध्ये भारतात दोन गाड्या बाजारात आल्या. टू-स्ट्रोक आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे आणि ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० चे इंजिन ९७ सीसीचे, पण ताकद साडेसातच्या आसपास. इंजिन जवळपास सारखे, ताकदीत मात्र दीडपट तफावत.

मग दुप्पट का नाही? कारण टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले थोडे न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलचा निळसर धूर वेगळाच. ॲव्हरेज कमी आणि प्रदूषण जास्त, या दोन्ही तक्रारींचे मूळ इथे आहे.

रस्त्यावरून टू-स्ट्रोक का गेली?

पेट्रोल महागत गेले तसे ग्राहक फोर-स्ट्रोककडे वळले. २००० पासून प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला त्यात बसणे जवळपास अशक्य होते. रस्त्यावरचा सामना तिथे संपला. आज नंबर प्लेट लावून कच्च्या वाटेवर जायचे असेल, तर हिरो एक्सपल्ससारखी फोर-स्ट्रोक गाडी हाच सरळ मार्ग आहे.

शर्यतीच्या मैदानात कोण पुढे?

तिथले चित्र वेगळे आहे. मोटोक्रॉसमध्ये अनेक दशके टू-स्ट्रोकचे राज्य होते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्रीने यामाहाची ४०० सीसी फोर-स्ट्रोक चालवून २५० सीसी टू-स्ट्रोक गाड्यांना हरवले आणि वारे फिरले. मात्र नियमांनी फोर-स्ट्रोकला मोठे इंजिन दिले होते, हे विसरू नये. साधारणपणे १२५ सीसी टू-स्ट्रोकसमोर २५० सीसी फोर-स्ट्रोक आणि २५० सीसी टू-स्ट्रोकसमोर ४५० सीसी फोर-स्ट्रोक, अशी ही जोडी लागते.

आज लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत फोर-स्ट्रोकच चालते. २०२४ च्या डकार रॅलीत रॅली-२ गट जिंकणारा भारताचा हरिथ नोआ ४५० सीसी फोर-स्ट्रोकवरच होता. पण दगडधोंडे आणि खड्या चढांच्या हार्ड एंड्युरो शर्यतींत ३०० सीसी टू-स्ट्रोकला आजही मान आहे. गाडी हातांनी उचलून वळवायची वेळ आली, की कमी झालेला प्रत्येक किलो मोलाचा ठरतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची सुरुवात जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. मोठ्या गटांत ४५० आणि २५० सीसीच्या गाड्या होत्या, तर लहान मुलांसाठी ८५ सीसीचा गट होता. जगभर हा ८५ सीसीचा गट टू-स्ट्रोकवरच उभा आहे. म्हणजे टू-स्ट्रोक मेलेली नाही. तिने रस्ता सोडला आणि मैदान धरले.

खर्च कुठे लपलेला असतो?

‘फोर-स्ट्रोक म्हणजे बिनघोर’ हा समज साध्या रोडच्या गाडीपुरता खरा आहे. एक्सपल्ससारख्या गाडीचे इंजिन फारसे ताणलेले नसते. वेळेवर ऑइल बदलले, टॅपेट तपासले की ते वर्षानुवर्षे चालते. शर्यतीच्या २५० सीसी फोर-स्ट्रोकचे तसे नाही. तिची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. इतक्या तास चालली की व्हॉल्व्ह तपासा, इतक्या तासांनी पिस्टन बदला. दुर्लक्ष झाले आणि व्हॉल्व्ह तुटून आत पडला, तर पिस्टन, हेड, सिलिंडर सगळेच जाते.

टू-स्ट्रोकला पिस्टन-रिंग लवकर लागतात, पण काम सोपे. चांगला मिस्त्री एका दिवसात इंजिन खोलून पुन्हा बांधू शकतो आणि बिलही आवाक्यात राहते. मात्र तिथे शिस्त वेगळी हवी. शर्यतीच्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला २० मिलि, म्हणजे ५ लिटरला १०० मिलि. चाळीसास एक असेल तर लिटरला २५ मिलि. अंदाजपंचे ओतले तर प्लग काळा पडतो. कमी ओतले तर पिस्टन सीझ होतो. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तरी धोका असतो, कारण पेट्रोलच आत जात नसेल तर ऑइल कुठून जाणार? टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेकही जेमतेम लागतो, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे.

नागपूरच्या मातीत काय चालेल?

विदर्भाची काळी माती पावसाळ्यात टायरला आणि मडगार्डला अशी चिकटते, की गाडीचे वजन वाढत जाते. इथे शंभर-एकशेदहा किलोची मोटोक्रॉस गाडी आणि सुमारे १६० किलोची रोडवरची ऑफ-रोड गाडी यांतला फरक हातांना कळतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवेवर थंड होणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकची कसोटी लागते. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. जुने रबरी पाइप आणि वॉशर खराब होण्याची भीती असते. जेटिंग नीट करून न घेता अशी गाडी भर मे महिन्यात चिखला-धुळीत पळवणे म्हणजे सीझ होण्याला निमंत्रण.

कायदा काय सांगतो?

खरा धोका इथे आहे. मोटोक्रॉसची गाडी हेडलाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट यांशिवाय येते. ती बंदिस्त मैदानासाठीच विकली जाते. नोंदणीशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या गाडीचे इंजिन, सांगाडा, सायलेन्सर मनाप्रमाणे बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आणली आहे.

‘रोडवर नाही, जंगलात नेतो’ हेही उत्तर नव्हे. याच उमरेड रोडने पुढे गेले की उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा परिसर येतो. तिथे मनाला येईल तशी गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वाघाच्या वाटेवर रील काढण्याची हौस महागात पडू शकते.

मग घ्यावे काय?

रोज कॉलेज-ऑफिसला जायचे आणि रविवारी कच्च्या वाटेने फिरायचे, तर नोंदणी असलेली फोर-स्ट्रोक घ्या. शर्यत शिकायची असेल आणि मूल लहान असेल, तर मैदानावरची छोटी टू-स्ट्रोक चांगली गुरू आहे. ती क्लच आणि गिअरचा नेमका वापर शिकवते. अर्थात प्रशिक्षक, हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्याचे संरक्षण आणि भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा परवाना यांना पर्याय नाही. आरएक्स १०० असेल तर ती मूळ रूपात जपा. तिला कापून बनवलेली डर्ट बाइक धड शर्यतीची होत नाही आणि रस्त्याचीही राहत नाही.

पण पालकांना आणि पोलिसांना एवढे सांगून प्रश्न संपत नाही. ज्या वयात वेगाचे वेड असते, त्या वयात ‘करू नको’ हा सल्ला फार काळ टिकत नाही. क्रिकेटसाठी मैदान मागणे जितके रास्त, तितकेच मातीच्या ट्रॅकसाठी जागा मागणेही. मातीचे उंचवटे, कुंपण, रुग्णवाहिका आणि नियम पाळणारा क्लब एवढ्यावर सराव सुरू होतो. महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यासने दक्षिण नागपूरच्या मुलांच्या आवाक्यात अशी परवान्याची जागा असावी, यासाठी पाऊल उचलावे. तशी जागा मिळाली, तर कोणत्या मुलाला कोणते इंजिन शोभते, याचा निकाल मैदानच लावेल आणि चौकाला त्याची झळ बसणार नाही.