वाटेचा दिवस कुणाच्या खात्यावर?

माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे. मागच्या डिसेंबरात गावाकडं आला तेव्हा मोबाईलवर फोटो दाखवत बसला. त्याच्या साहेबांनी सुट्टीत भाड्यानं घेतलेली गाडी. आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन, संडाससुद्धा. “मामा, घर संगं घेऊन हिंडायचं. आज इथं मुक्काम, उद्या तिथं.” मी म्हणालो, “बाबा, तुझ्या आजा-आजीची हयात त्यातच गेली की.” पोरगं हसलं. त्याची माय, म्हणजे माझी बहीण, भाकरी थापत होती. ती काही हसली नाही.

2021 साली आपल्या राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरचं घर घेऊन कुणी फिरायला निघालं तर त्याच्या मुक्कामाच्या जागी पाणी पाहिजे, वीज पाहिजे, संडास-न्हाणी पाहिजे, गाडी उभी करायला धड जागा पाहिजे, हे सरकारी कागदावर आलं. चांगलं झालं. माझं त्याला काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की दर दिवाळीच्या आगंमागं बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावातून, जालना-परभणीतून लाखो माणसं चाकावर बिऱ्हाड टाकून निघतात, आणि त्यांच्या मुक्कामाला काय काय लागतं हे कुणालाच सुचलं नाही. सुट्टीवर निघालेल्या माणसाला संडास लागतो हे कळतं. कामावर निघालेल्या बाईला लागत नाही काय?

मी आठ हंगाम उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. त्याआधी लहानपणी त्याच ट्रॉलीत, गोधड्यांच्या गठुड्यावर बसून गेलेलो. त्यामुळं हा प्रवास मला वरून पण माहीत आहे अन् मागून पण.

शहरातल्या वाचकांसाठी जरा सांगतो. गावाकडच्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या टोळीत दहा कोयते, म्हणजे वीस मोठी माणसं, वर लेकरं आठ-दहा, एखादी म्हातारी लेकरं सांभाळायला. मुकादमानं पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती अंगावर फेडायची. एका ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या. त्यात ज्वारी-बाजरीची पोती, हंडे, चुलीवरचा तवा, ताडपत्री, कोपीसाठी कामट्या, एखादी शेळी, खुराड्यात कोंबड्या. हे सगळं खाली, आणि माणसं त्याच्यावर.

बीडहून मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा. येरमाळ्याला येडाईचा डोंगर दिसला की बाया बसल्या जागेवरून हात जोडतात. तिथून बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मग मिरज. तीनशे किलोमीटरच्या आसपास. भरल्या ट्रॅक्टरला ताशी वीस-पंचवीसच्या वर पळवता येत नाही, म्हणजे एक दिवस आणि एक रात्र धरायची. येरमाळ्याच्या पुढं बालाघाट उतरताना खरी परीक्षा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक काय तो ट्रॅक्टरला, आणि मागच्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत असतात. अशा उतारावर लहान गिअर टाकून मुंगीच्या चालीनं उतरायचं असतं. डिझेल वाचवायला लोक न्यूट्रल मारतात. मीही मारलंय. मालक डिझेलचा हिशेब मागायचा, मागच्या माणसांचा मागत नव्हता. हे मी कौतुकानं सांगत नाही.

बायांचं तर बोलूच नये असं आहे. सकाळपासून पाणी पीत नाहीत. कामून, तर उतरायचं कुठं? पुरुष कुठंही उभे राहतात. ट्रॅक्टर थांबवायला मला बाया कधीच सांगायच्या नाहीत, म्हातारीकडून निरोप यायचा. “लेका, जरा बाभळीपाशी घे.” हायवेवर आता बाभळी पण राहिल्या नाहीत.

पण मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. तीनशे किलोमीटरच्या त्या प्रवासाची एकदा तरी वर्तमानपत्रात बातमी येते, फोटो येतो. हंगामात मधेच तळ हलतो, त्याची बातमीच होत नाही. एका गटातला ऊस संपला की कारखान्याचा शेतकी विभाग सांगतो, उद्या पलीकडच्या तालुक्यात जा. मग कोप्या मोडायच्या, ताडपत्र्या गुंडाळायच्या, परत सगळं ट्रॉलीत. तीस-चाळीस किलोमीटर जायचं, नव्या गायरानात दगड वेचून जागा करायची, पाणी कुठल्या विहिरीचं मिळतं ते विचारत हिंडायचं, अंधारात कोपी उभी करायची. पहाटे चारला पुन्हा फडात. असं एका हंगामात तीनदा-चारदा होतं. या दिवसाची मजुरी किती? शून्य. मजुरी टनावर आहे, आणि त्या दिवशी ऊस तोडलाच नाही. वाढे विकून रोजचे जे चार पैसे मिठा-मिरचीला मिळतात, तेही नाहीत.

आता याच्याशेजारी दुसरा हिशेब ठेवा. तापानं फणफणून एखादी बाई एक दिवस कोपीत पडून राहिली तर मुकादम तिचा खाडा धरतो आणि पैसे कापतो. बाळंतपणाचा खाडा, मयतीला गेल्याचा खाडा. म्हणजे मजुरानं दिवस मोडला तर त्या दिवसाला किंमत आहे. तो वहीत लिहिता येतो, त्याचे रुपये होतात. कारखान्यानं माझा दिवस मोडला तर मात्र दिवसाला किंमतच नसते. एकाच वहीत एकाच दिवसाचे हे दोन भाव कसे, ते मला कुणा साखरतज्ज्ञानं समजावून सांगावं.

2006 च्या जानेवारीत असाच तळ हलला. मिरज तालुक्यातून तासगावच्या बाजूला निघालो होतो. निघायलाच तिन्हीसांज झालेली, कारण दुपारपर्यंत फडातली शेवटची खेप भरून काट्यावर नेऊन आलो होतो. दोन ट्रॉल्यांना जोडणारी जी पिन असते, तिच्या खालच्या भोकात एक आडकाठी घालायची असते, पिन वर उसळू नये म्हणून. आमची ती कधीच हरवली होती, तिच्या जागी तार गुंडाळलेली. मी मालकाला दोनदा सांगितलं होतं. “सीझन संपू दे, मग बघू.” कॅनॉलच्या चढावर तार तुटली, पिन उडाली, आणि मागची ट्रॉली उलटी चालली. मला समोर बसून काही कळलंच नाही. आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मागं बघितलं.

ट्रॉली फार लांब गेली नाही. दोघातिघांनी उड्या टाकून चाकाखाली दगड सरकवले, तरी एक चाक चारीत गेलं. पण तेवढ्यात माझी चुलत वहिनी भिऊन खाली उडी मारून बसली होती. सातवा महिना चाललेला. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला नेलं. पोर पुढं नीट झालं, देवाची कृपा. पाय मात्र वाकडाच बसला.

तिला काय मिळालं ते सांगतो. कारखान्याचे लोक म्हणाले, ती आमची कामगार नाही, मुकादमाची आहे. मुकादम म्हणाला, फडात कोयता लागला असता तर मी बघितलं असतं, ही तर वाटंत पडली. ट्रॅक्टरमालक म्हणाला, विमा शेतीकामाचा आहे, माणसं न्यायचा नाही. आणि कायद्याच्या बाजूनं बघितलं तर मालकाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ट्रॉली मालासाठी असते. तिच्यात माणूस बसला की विमा कंपनी हात वर करते. 2007 साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण आलं होतं. वीटभट्टीसाठी माती खणायला निघालेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर. कंपनीवर जबाबदारी येत नाही असंच न्यायालय म्हणालं. पण मजूर गरीब आहे, म्हणून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. आमच्या वहिनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं कसं, हे कोण सांगणार होतं? तिच्या नावावर उरलेल्या हंगामाचे खाडे पडले. फिटायची राहिलेली उचल पुढच्या वर्षावर गेली, आणि दादा एकटाच अर्धा कोयता म्हणून परत तोडीला आला.

तार मी बांधली होती. मालकानं पिन दिली नाही हे खरं, पण किल्ली माझ्या हातात होती, मी नाही म्हणू शकलो असतो. त्या हंगामानंतर मी ट्रॅक्टर सोडला.

शहरातली माणसं आमच्यावर चिडतात, तेही मला माहीत आहे. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेप मोठ्यानं लावतात, रस्ता अडवतात. रात्री अशा ट्रॉलीवर मागून गाडी आदळून माणसं मेलीत, ते दुःख खोटं म्हणणारा मी कोण? दिवा पाहिजेच, रिफ्लेक्टर पाहिजेच. पण टेपचं सांगू का? अठरा तास एका जागी बसून ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून तो टेप असतो. दुसरा ड्रायव्हर ठेवला तर टेपची गरज नाही.

कारखानदारांच्या बाजूनं एक उत्तर ठरलेलं असतं. “गाडी दिली तरी हे लोक ट्रॉलीतच बसतात, त्यांना तीच सवय.” बसतात, खरंय. ज्वारीची पोती आणि शेळी एकीकडं, आपण दुसरीकडं, आणि दोन्ही एका वेळेला पोचतील याची खात्री नाही, म्हटल्यावर कोण बसेल गाडीत? सामान चोरीला गेलं तर सहा महिने खायचं काय? एकदा टोळीसाठी एसटी ठरवून, सामानाच्या ट्रॉलीवर दोन गडी ठेवून, दोन्ही एकामागं एक काढून तर बघा. मग सवयीचं बोलू.

कायद्यांची तर गंमतच आहे. 2025 पर्यंत लागू असलेला 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा प्रवासभत्त्याचं बोलायचा, वाटेतल्या दिवसांची मजुरी द्या म्हणायचा, पण राज्याची हद्द ओलांडली तरच. बीडचा माणूस बेळगावकडं तोडीला गेला तर कागदावर त्याला वाटेचा दिवस होता. सांगलीला गेला तर नव्हता. घरापासून तेवढाच लांब, कोयता तोच. कर्नाटकात गेलेल्यांना तरी तो भत्ता कुणी दिलेला मी पाहिला नाही, ते सोडा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मजुरांच्या बैठकीत मागण्यांचा कागद लिहायला घेतला होता. दरवाढ आली, विम्याचं आलं, वसतिगृहाचं आलं. मी उठून म्हणालो, वाटेच्या दिवसाची पण मजुरी लिहा, आणि तळ हलवायच्या आधी नव्या जागी पाण्याची टाकी आणि बायांसाठी संडास उभा पाहिजे, हेही लिहा. लिहिणाऱ्यानं विचारलं, “दिवस किती धरायचे?” मी सांगितलं, जाताना दोन, येताना दोन, आणि मधे जेवढ्यांदा तळ हलेल तेवढे. मागं बसलेल्या बायांमधून एकीनं मोठ्यानं सांगितलं, “संडासाचं आधी लिवा.” त्यानं दोन्ही लिहून घेतलं. कागद टाइप होऊन आला तेव्हा त्यात ते कलम नव्हतं. जागा पुरली नाही म्हणे. यंदा आषाढात परत बैठक आहे. वहिनीला संगं नेणार आहे.